लाकडी छपराचा सांगाडा मॉडेलमध्ये किती दाखवावा आणि सुरुवात कुठून करावी?

रेघोटी

नमस्कार मंडळी. साधं चौपाखी छप्पर आहे. उतार ३०°, वासे ४५ × १५० मिमी, ६०० मिमी अंतरावर, आढं ४० मिमी जाड. रेव्हिट या इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती निवडून फूटप्रिंटवरून (प्लॅनमधल्या बाह्यरेषेवरून) छप्पर केलं आणि एकाच प्रकारात सगळे थर भरले: वर कौलं, मग रिपा, अंडरले, मग १५० मिमीचा 'वासे' नावाचा थर आणि खाली आतली फळी.

सेक्शन (उभा छेद) काढला की वाशांच्या जागी सलग पट्टा दिसतो, म्हणून स्ट्रक्चरल फ्रेमिंगने खरे वासे टाकले. आता ते त्या थरात घुसलेत, वळचणीला फेशियाच्या (टोकाच्या उभ्या फळीच्या) बाहेर डोकावतायत आणि वॉलप्लेटवर (भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर) टेकायची खाच कुठेच नाही. कोनांवर (दोन पाखं जिथे बाहेर वळून भेटतात तिथे) तर एकही वासा दुसऱ्याला नीट भिडत नाही.

मुळात हे सगळं मॉडेल करायचं असतं का? करायचं तर सुरुवात कशापासून करायची?

---

ओळंबा

वाशांपासून नाही, पातळीपासून करा. छपराच्या भूमितीला एकच मालक हवा, आणि लाकडी छपरात तो मालक म्हणजे वाशांच्या वरच्या कडांतून जाणारी तिरकी पातळी. रिपा तिच्यावर बसतात, वासे तिच्याखाली लटकतात, आढ्याची आणि कोनवाशाची (कोनाखालून जाणाऱ्या वाशाची) उंची तिच्यावरून ठरते. ही पातळी पक्की झाली की बाकीच्या गोष्टींना भांडायला जागाच उरत नाही.

तुमच्याच आकड्यांनी सांगतो. १५० मिमीचा वासा ३०° ला कलला की त्याची ओळंब्यातली (उभी) उंची १५० ÷ कोस ३०° = १७३ मिमी होते. वॉलप्लेट १०० मिमी रुंद आहे आणि वासा तिच्यावर पूर्ण रुंदीभर टेकतोय असं धरू. मग खाचेचा उभा काप १०० × टॅन ३०° = ५८ मिमी. १७३ मधून ५८ गेले, उरले ११५. म्हणजे वॉलप्लेटच्या बाहेरच्या कडेवर, तिच्या माथ्यापासून बरोबर ११५ मिमी वरून ती पातळी जाते. प्लेटच्या बाहेरच्या कडेपासून आढ्याच्या मध्यापर्यंत आडवं अंतर ३००० असेल तर दोन्ही पाखांच्या पातळ्या प्लेटच्या माथ्यापासून १७३२ + ११५ = १८४७ मिमीवर मिळतात. हे दोन बिंदू सेक्शनमध्ये संदर्भरेषांनी आधी आखा. छप्पर त्यानंतर.

दुसरी गोष्ट, तो 'वासे' नावाचा थर काढून टाका. छपराचे दोन तुकडे करा: वाशांच्या वरचं सगळं एका छपरात, आतली फळी दुसऱ्या पातळ छपरात किंवा सीलिंगमध्ये. मधल्या पोकळीत फक्त खरं लाकूड. एकाच जागेत थरही आणि लाकूडही ठेवलं की सेक्शन बिघडतोच, शिवाय लाकडाचं घनफळ दोनदा मोजलं जातं.

---

त्रिज्या

मला हे पटत नाही. पूर्ण नाही तरी अर्धं नक्कीच नाही.

वळचण, आढं, कोन आणि पन्हळ (दोन पाखं आत वळून भेटतात तो सांधा) या चार ठिकाणचे तपशील १:५ ला द्विमितीत नीट काढले की साइटवर काम होतं. मॉडेलमध्ये थरांचं छप्पर ठेवायचं, सेक्शनवर डिटेल कॉम्पोनंटने (फक्त त्या चित्रापुरत्या द्विमितीय तुकड्यांनी) वासे काढायचे. प्रत्येक वाशाला खाच पाडत बसलं तर उतार दोन अंशांनी बदलला त्या दिवशी सगळं पुन्हा करावं लागतं. बीआयएमफोरम या संस्थेच्या एलओडी (मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी) तक्त्यात ३००, ३५० आणि ४०० वेगळे ठेवलेत ते याचसाठी. आपल्याकडून ३०० मागितलं असेल तर ४०० चं काम करायचं कारण काय?

---

ओळंबा

त्रिज्याताई, खाचेबद्दल तुमचं बरोबर आहे. प्रत्येक वाशात खाच हवीच असं मीही म्हणत नाही. पण कोन आणि पन्हळ द्विमितीत सोडवायला माझा विरोध आहे, कारण तिथे प्रश्नच त्रिमितीतला असतो. वळचणीचा सेक्शन कागदावर सुटतो. कोनवाशाला दोन बाजूंनी जोडवासे (त्याला येऊन टेकणारे आखूड वासे) कुठे आणि किती उंचीवर भिडतात ते एका सेक्शनमध्ये दिसतच नाही. सेक्शन सुंदर दिसतो आणि लाकूड उभं करताना कळतं की कोनवासा बुटका पडलाय.

माझा नियम असा: लाकूड लाकडाला जिथे भेटतं त्या प्रत्येक प्रकारच्या भेटीचा एक नमुना पूर्ण कापांसकट मॉडेल करायचा. बाकीचे वासे योग्य जागी, योग्य आकाराचे, पण बिनखाचेचे. तुमच्या तक्त्यातलं ३५० म्हणजे शेजारच्या घटकांशी असलेली जोडणी. छपरात ती जोडणी हाच कामाचा गाभा आहे.

---

कडीपाट

मी पलीकडच्या बाजूने बोलतो. आमच्या वर्कशॉपमध्ये वास्तुरचनाकारांची मॉडेलं येतात आणि आम्ही सांगाडा कॅडवर्क या लाकूडकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने बांधतो. यंत्राला बीटीएल फाइल (लाकडाचे काप सांगणारी) लागते आणि ती लाकडाच्या खास सॉफ्टवेअरमधूनच नीट निघते. त्यामुळे तुम्ही पाडलेली प्रत्येक खाच आम्ही वापरतो असं नाही. आम्हाला लागतं ते हे: पाखांच्या पातळ्या, वॉलप्लेटची जागा आणि उंची, वळचणीची आडवी लांबी आणि लाकडाचं खरं माप.

खरं माप यावर जोर देतो. उत्तर अमेरिकेत ज्याला 'दोन बाय सहा' म्हणतात ते लाकूड प्रत्यक्षात ३८ × १४० मिमी असतं. इतरत्रही कापीव माप आणि रंधलेलं माप यांत काही मिलिमीटरचा फरक पडतो. फॅमिलीला (मॉडेलमधल्या घटकाच्या साच्याला) नाव एका मापाचं आणि आत भूमिती दुसऱ्या मापाची, अशी मॉडेलं नेहमी येतात. मग ओळंबा म्हणतात ते ११५ मिमी खोटं ठरतं आणि आढं खाली येतं.

आणि लांबी. वरच्या उदाहरणातच ४५० मिमी आडवी वळचण धरा. वाशाची तिरकी लांबी ३४५० ÷ कोस ३०° = ३९८४. आढ्याच्या अर्ध्या जाडीचे २३ वजा केले की ३९६१. शेड्यूलमध्ये (मॉडेलमधून निघणाऱ्या यादीत) ३९६१ दिसतं आणि कुणीही ४ मीटरचं लाकूड मागवतो. पण वाशाची दोन्ही टोकं ओळंब्यात कापलेली असतात, त्यामुळे वरची कड आणि खालची कड एकमेकींपासून १५० × टॅन ३०° = ८७ मिमीने सरकलेल्या असतात. चौकोनी टोकांचं लाकूड लागतं ४०४८ मिमी. चार मीटरचा नग पुरत नाही.

---

त्रिज्या

हे ८७ मिमीचं उदाहरण महत्त्वाचं आहे. रेव्हिटमधलं लेंग्थ हे रेषेच्या दोन टोकांमधलं अंतर असतं आणि कट लेंग्थ वेगळी. तरी मागणीची लांबी मी शेड्यूलमध्ये स्वतंत्र सूत्र लिहून काढेन: वाशाच्या कडेची लांबी + खोली × टॅन उतार. याला एकही खाच मॉडेल करावी लागत नाही, हे मात्र नमूद करते.

---

रेघोटी

थर वेगळे केले. सेक्शन लगेच स्वच्छ झाला, धन्यवाद. पण छप्पर अजून संदर्भरेषांवर बसत नाही. बेस लेव्हल वॉलप्लेटच्या माथ्याला आहे, तरी पाख अपेक्षेपेक्षा खाली येतंय. भिंत २५० मिमीची आहे.

---

ओळंबा

छपराच्या प्रॉपर्टीजमध्ये 'राफ्टर ऑर ट्रस' हा पर्याय बघा. भिंती निवडून केलेल्या छपरालाच तो लागू होतो. ट्रस असेल तर उंची भिंतीच्या बाहेरच्या अंगावर मोजली जाते, राफ्टर असेल तर आतल्या अंगावर. २५० मिमीच्या भिंतीला ३०° वर हा फरक २५० × टॅन ३०° = १४४ मिमी येतो. तुमचं राफ्टरवर असणार.

तुम्ही आता छप्पर वाशांच्या माथ्यापासून सुरू करताय, म्हणजे त्या छपराचा तळ हीच आपली पातळी. प्लेटची बाहेरची कड आणि भिंतीचं बाहेरचं अंग एकाच रेषेत असेल तर ट्रस ठेवा आणि बेस ऑफसेट (बेस लेव्हलपासूनची उंची) ११५ द्या. प्लेट आत सरकवलेली असेल तर जितकी आत ते अंतर × टॅन ३०° त्या ११५ मधून वजा करा.

शेवटी टोकाचा काप: 'टू कट' (दोन काप) पर्यायांत फेशियाची खोली द्यावी लागते, 'प्लंब कट'मध्ये (एकच उभा काप) नाही. हा काप छपराच्या थरांचा आहे, वाशांचा नाही. वाशांची टोकं वेगळी कापावी लागतात.

---

रेघोटी

बसलं! पाख बरोबर रेषेवर आलं. आता खाच. स्टीलच्या तुळयांसाठी असलेलं कोपिंग (एक घटक दुसऱ्याला बसेल असा कापणं) इथे उपयोगाचं दिसत नाही.

---

ओळंबा

वाशाची स्वतःची फॅमिली करा. तिच्यात रिकामा घन (कापणारा आकार) ठेवा आणि त्याला तीन पॅरामीटर द्या: खालच्या टोकापासूनचं अंतर, टेकीची रुंदी, उतार. उतार बदलला की खाच स्वतःच फिरते. त्रिज्याताईंची भीती इथे बरीचशी मिटते.

पण आकडा भरताना लाकडाचा विचार करा. खाचेची खोली वाशाच्या अंगाला काटकोनात मोजायची आणि ती वाशाच्या खोलीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवायची, हा सुतारकामातला जुना दंडक आहे. काही ठिकाणचे नियम याहून कडक आहेत, ते तपासा. ३०° ला १०० मिमी टेक दिली की खोली १०० × साइन ३०° = ५०, म्हणजे १५० च्या बरोबर तिसरा हिस्सा. हाच वासा ४५° ला नेला तर १०० मिमी टेकीसाठी ७१ मिमी खोल जावं लागतं, जवळजवळ अर्धा वासा. तिथे टेक ७१ मिमीपर्यंत कमी करावी लागते. वळचण लांब असेल तर खाचेपुढचा भाग हवेत लोंबतो, आणि त्याचं सगळं वजन खाचेवर उरलेल्या लाकडावर येतं. म्हणून फॅमिलीत खोली ÷ ३ ची मर्यादा सूत्रानेच घालून ठेवा. सॉफ्टवेअर कुठलीही खाच पाडून देतं, लाकूड ती सोसेल का हे त्याला माहीत नसतं.

---

पुश_पुल

स्केचअपमध्ये काम करणाऱ्यांसाठी: वाशाचा एकच कॉम्पोनंट करून रांगेत कॉपी करा, एकात खाच पाडली की सगळ्यांत पडते. टोकाचा वासा वेगळा हवा असेल तर 'मेक युनिक'. कोनावरचे काप सॉलिड टूल्समधल्या ट्रिमने घ्या, म्हणजे कापणारा घन तसाच राहतो. भिंग लावून घन खरंच बंद आहे का ते एंटिटी इन्फोमध्ये पाहा, नाहीतर ट्रिम चालतच नाही.

---

भूमितीवाला

आर्किकॅडमध्ये वाशांसाठी मी तिरका बीम वापरतो आणि वरचा भाग सॉलिड एलिमेंट ऑपरेशनने कापतो. छपराचा तुकडा ऑपरेटर, बीम टार्गेट, आणि क्रिया 'वरच्या दिशेने एक्सट्रूजनसह वजाबाकी'. हे नातं जिवंत राहतं: छपराचा उतार बदला, काप बदलतो. ऑपरेटर लपवलेल्या लेयरवर असला तरी चालतं, त्यामुळे कापणारं घन छापील चित्रात येत नाही.

रूफमेकरने वासे झटकन मिळतात, पण ते लायब्ररी ऑब्जेक्ट असतात. छपराचं स्वरूप ठरायच्या आधी ते काढू नयेत असं माझं मत.

आणि बिल्डिंग मटेरियलचं इंटरसेक्शन प्रायॉरिटी. आर्किकॅड १७ पासून घटकांचे छेद याच क्रमाने सुटतात. लाकडाची प्रायॉरिटी इन्सुलेशनपेक्षा जास्त ठेवली की वाशांमधलं इन्सुलेशन वाशाभोवती कापलं जातं.

---

कडीपाट

रेघोटी, कोनवाशाचं कुणी बोललं नाही अजून, म्हणून लिहितो. तिथेच सगळ्यात जास्त मॉडेलं चुकतात.

चारही पाखांचा उतार सारखा आणि कोपरा काटकोनी असेल तर कोनवाशाचा उतार ३०° नसतो. टॅन ३०° ला √२ ने भागा, उत्तर २२.२°. कोनवासा तेवढीच उंची चढतो, पण आडवं अंतर १.४१४ पट कापतो.

आता त्याची खोली. जोडवाशाचा ओळंब्यातला काप १७३ मिमी उंच आहे आणि तो सगळा कोनवाशाच्या अंगावर टेकला पाहिजे. कोनवासाही १५० चाच घेतला तर २२.२° वर त्याची उभी उंची १६२ मिमी भरते. जोडवाशाचं खालचं टोक हवेत. ओळंबा 'बुटका' म्हणाले ते हेच. २०० चा घेतला तर २१६ मिमी मिळतात आणि काम भागतं. आढ्यालाही हाच हिशोब, १५० चं आढं इथे कमी पडतं.

कोनवाशाची वरची कड दोन पाखांच्या मधे येते. त्याची मध्यरेषा बरोबर पाखांच्या छेदरेषेवर ठेवली तर दोन्ही कडा रिपांच्या पातळीच्या वर येतात. ६० मिमी रुंदीला ३० × टॅन २२.२° = १२ मिमी. यावर दोन उपाय: वासा १२ मिमी खाली उतरवा, किंवा माथा दोन्ही बाजूंना रंधून घ्या. रंधण्याचा कोन साइन ३०° ÷ √२ वरून निघतो, इथे २०.७°. आम्ही बहुतेकदा खाली उतरवतो, काम सोपं आणि लाकूड पूर्ण राहतं. मॉडेलमध्ये काय धरलंय ते मात्र लिहून द्या. तो १२ मिमी कुणी धरलाच नाही तर कौलं कोनावर उचलली जातात.

---

रेघोटी

कडीपाट, फार आभारी आहे. माझा कोनवासा १५० चाच होता, म्हणून जोडवासे भिडत नव्हते. तो काढताना पाखाची पातळी वर्कप्लेन म्हणून धरली होती. चालेल ना?

---

ओळंबा

साध्या वाशांसाठी चालेल, कोनवाशासाठी नको. तो एका पाखाचा नसून दोन्हींचा आहे. एका पाखाची पातळी धरली तर सेक्शन त्या बाजूला कललेला राहू शकतो. दोन टोकांच्या उंची देऊन त्रिमितीत रेषा काढा, क्रॉस-सेक्शन रोटेशन शून्य आहे का पाहा आणि झेड जस्टिफिकेशन टॉप ठेवा. मग झेड ऑफसेट उणे १२.

जोडवाशांची तपासणी सोपी आहे. ६०० च्या अंतराला लगतच्या दोन जोडवाशांच्या लांबीत ६०० ÷ कोस ३०° = ६९३ मिमीचा फरक पडायला हवा, सगळीकडे सारखाच. शेड्यूल लांबीप्रमाणे लावा. कुठे ६९३ सोडून दुसरा आकडा आला तर तिथला वासा जागेवर नाही.

---

समन्वय

एक्स्पोर्टबद्दल एक विनंती. वासे पटकन मिळावेत म्हणून काही जण स्लोप्ड ग्लेझिंगचं (तिरक्या काचेचं) छप्पर करून त्याचे मुलियन (काचांमधल्या दांड्या) वासे म्हणून वापरतात. चित्रात उत्तम दिसतं. पण ते कर्टन वॉलचे मुलियनच राहतात आणि लाकडाच्या शेड्यूलमध्ये येत नाहीत. आयएफसीमध्ये (एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेण्याच्या खुल्या नमुन्यात) आयएफसीमेंबर या वर्गाला राफ्टर, पर्लिन, कॉलर असे प्रकार आधीपासून आहेत. एक्स्पोर्टच्या मॅपिंगमध्ये ते नेमून द्या. समोरच्याला फक्त वासे गाळून बघता आले तर कडीपाटसारख्यांचा बराच वेळ वाचतो.

---

त्रिज्या

ऊर्जेच्या हिशोबाचा मुद्दाही इथेच येतो. थरांच्या छपरात इन्सुलेशनचा थर सलग धरला जातो. प्रत्यक्षात ६०० मध्ये ४५ मिमी लाकूड, म्हणजे ७.५ टक्के क्षेत्र. मऊ लाकडाची उष्णतावाहकता ०.१३ च्या आसपास, मिनरल वूलची ०.०३५ ते ०.०४. लाकडातून तिप्पट उष्णता जाते. आयएसओ ६९४६ या मानकात अशा मिश्र थरासाठी वरची आणि खालची मर्यादा काढून सरासरी घेण्याची पद्धत दिली आहे. वासे वेगळे मॉडेल केले असतील तर हे प्रमाण मॉडेलमधून थेट मिळतं, कोनाजवळ जोडवाशांची गर्दी होते तेही त्यात धरलं जातं. एवढ्यापुरतं मी ओळंबांच्या बाजूची.

---

तिरपा_काप

उशिरा आलो, पण प्रश्न याच विषयातला. माझ्याकडे एक पाख ३०° आणि शेजारचं ४५° आहे. दोन्हीकडे वळचण ४५० ठेवली तर फेशिया कोपऱ्यात भेटत नाहीत. सॉफ्टवेअरची अडचण आहे की माझी?

---

ओळंबा

भूमितीची. ३०° ला ४५० मिमीत छप्पर २६० मिमी उतरतं, ४५° ला ४५० मिमीत ४५०. फेशिया एका उंचीवर हव्या असतील तर ४५° च्या बाजूची वळचण २६० करावी लागते. दोन्हीकडे ४५० च हवी असेल तर ४५° च्या बाजूची वॉलप्लेट उचलावी लागते. रेव्हिटमध्ये फूटप्रिंटच्या स्केचमध्ये 'अलाइन ईव्ह्ज' आहे, त्यात उंची बदलायची की वळचण ते निवडता येतं. मी वळचण बदलेन. प्लेट उचलली की त्या भिंतीच्या खिडक्यांचं डोकं आणि आतल्या फळीची रेषाही हलते.

प्लॅनमध्ये कोनवासा आता ४५° वर येणार नाही. टॅन ३०° ÷ टॅन ४५° = ०.५७७, म्हणजे तो ४५° पाखाच्या वळचणीशी ३०° आणि दुसरीशी ६०° करतो. वळचणीच्या कोपऱ्यातून निघतो; वळचण ४५० आणि २६० केली तर भिंतीचा कोपराही त्याच्या रेषेत येतो, दोन्हीकडे ४५० ठेवली तर येत नाही. कडीपाटांनी दिलेली √२ ची सूत्रंही इथे लावू नका, ती सारख्या उतारासाठीच आहेत. माथा रंधायचा असेल तर दोन्ही बाजूंचे कोन वेगळे निघतील. तुमच्या कोनवाशाची रुंदी आणि दोन्हीकडच्या वाशांची खोली इथे टाका, ११५ च्या जागी दोन्ही बाजूंना किती येतं ते काढून देतो.